कोरडं कातडं

कार्तिक वद्य ५, मंगळवार. सिरसाळा.

दिवाळीला माहेरी अंबाजोगाईला गेले होते तेव्हा आप्पांनी ही वही दिली. आप्पा म्हणजे माझे वडील, तिथल्या शाळेत मराठी शिकवतात. म्हणाले, "शिवम्मा, चांगले अभंग कानावर पडले तर उतरून घेत जा." अभंग राहू देत. आज जे लिहायचं आहे ते कुणाच्या कानावर पडू नये म्हणून तर लिहिते आहे.

माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, चट्टा आला आहे.

लहान पुरीएवढा, पांढरट. नख ओढलं की रेघ उठते आणि पिठासारखा कोंडा गळतो. उजव्या हातावर तसाच एक, जरा लहान. नडग्यांची कातडी चुरगळलेल्या कागदासारखी झाली आहे. सकाळी तोंड धुतलं तेव्हा गाल इतके ओढले की हसले असते तर फाटलेच असते. हसायची वेळ येणार नाहीच म्हणा.

गेल्या वर्षी याच दिवसांत तात्याबा कोष्ट्याला गावाबाहेर काढलं. महारोग. त्याचीही सुरुवात दंडावरच्या एका चट्ट्यानं झाली असं सगळे सांगतात. आता तो ओढ्यापलीकडं खोपटात असतो. बायको दगडावर भाकरी ठेवते, लांब सरते, मग तो येऊन उचलतो. त्याची गोधडी जाळली तो वास मला अजून आठवतो. पुरुषाला निदान खोपट तरी बांधून दिलं. सुनेला माहेरी पाठवतील, आणि माहेरी माझ्या दोन धाकट्या बहिणी लग्नाच्या आहेत. मी घरात पाऊल टाकलं की त्यांच्याकडं बघायला कोण येणार?

कुणालाही सांगणार नाही. पदर हातावर ओढून घेते. दुपारी सगळे पडले की बळदाच्या खोलीत बसून लिहीन. धान्याच्या मागं वही लपते.

कार्तिक वद्य ६, बुधवार

घरात आम्ही चारच माणसं. मामंजी, शिवलिंगप्पा, दिवसभर किराणा दुकानात. हे (नाव घ्यायचा रिवाज नाही, लिहायचाही नसावा) माल आणायला पंधरा दिवस जालन्याला, पंधरा दिवस कुठं कुठं. त्यांचा मला काही त्रास नाही, कारण ते माझ्याकडं बघत नाहीत, दुकानाकडं बघतात. आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दानम्मा. मला भीती आहे ती त्यांची. बोलणं कमी आणि नजर अशी की डाळीतला खडा लांबूनच दिसावा. बाई कणखर. तापलेला तवा चिमट्याशिवाय उचलतात, वाफाळलेलं पातेलं उघड्या हातानं उतरवतात, तोंडावर रेघही हलत नाही. मी एकदा तसं करायला गेले तर फोड आला. चाळीस वर्षं चुलीपुढं घालवली की हात असे होतात, असं मला वाटतं.

ह्यांनी हैदराबादेहून आणलेला वासाचा साबण माझ्याकडं आहे. आज कढत पाण्यानं, साबण लावून, वज्रीनं चट्टा घासला. कोंडा सगळा निघाला. खाली लालबुंद. म्हणजे वरवरचं होतं. रोज असं करायचं, दोन वेळा.

कार्तिक वद्य ११, सोमवार

कोंडा परत आला, दुप्पट. रोज घासते आहे तरी. आता कातडीला बारीक भेगा पडल्या आहेत, उन्हाळ्यात तळ्याला पडतात तशा, आणि साबण लागला की डोळ्यांतून पाणी येतं.

परळीच्या वैजनाथाला बोलले आहे. सोळा सोमवार निर्जळ करीन, सूर्य मावळेपर्यंत थेंब घेणार नाही. हा चट्टा जाऊ दे. घरी सांगितलं लेकरासाठी धरले आहेत, म्हणून कुणी विचारणार नाही. तसंही मी दिवसाउजेडी पाणी फारसं पीत नाही. सासरी आल्यापासूनची सवय. बाहेरच्या वाटेला जायचं ते दिवस उगवायच्या आत, नाहीतर मावळल्यावर. मधे पोट फुटायची वेळ आली तरी सुनेनं कुठं जायचं?

मार्गशीर्ष शुद्ध ३, सोमवार

एका सोमवारानं भागेना म्हणून गुरुवारही धरला. ओठ फुटले आहेत. चट्टे आता चार.

दगडाबाई आमच्याकडं पाणी भरते, शेण काढते. बोलता बोलता तात्याबाचा विषय निघाला. निघाला म्हणजे मीच काढला, पण असा काढला की तिला वाटावं तिनंच काढला.

"त्येचं कसं कळलं गं लोकांना?" मी विचारलं.

"काटा गेलता पायात, ह्यो एवढा," तिनं बोट दाखवलं. "चालत घरी आला, रगत सगळ्या वाटंनं, अन् ह्येला पत्ता न्हाई. बायकू म्हनली, आवं पाय बघा. तवा खाली बघतो. त्या रोगात कातडं मरतंय, धाकल्या बाई. सुई खुपसा, कळत न्हाई."

ती गेल्यावर सुई घेतली. चट्ट्यात टोचली. दुखलं. पण नीट दुखलं, की दुखेल असं वाटलं म्हणून दुखलं? डोळे मिटून टोचली. दुखलं. दुसरीकडं बघत टोचली, तेव्हाही दुखलं, पण मला माहीत होतं ना कधी टोचणार ते. अकरा वेळा टोचून घेतलं आणि अजून खात्री नाही. आप्पा म्हणायचे हिला शंका विकायचं दुकान काढून द्या.

मार्गशीर्ष शुद्ध ७, शुक्रवार

आत्याबाईंना कळलं आहे.

चार दिवसांपासून लक्षात येतं आहे, आज नक्की झालं. गेल्या आठवड्यात कपिलधारेच्या मठात दर्शनाला जाऊन आल्यापासून त्या बदलल्या आहेत. आधी आम्ही दोघी एकाच ताटात जेवायचो, सगळ्यांचं झाल्यावर. आता म्हणतात, "माझं येगळं वाढ." तांब्या वेगळा केला. घोंगडं उचलून माजघरातून पडवीत नेलं. आज मी त्यांचं लुगडं धुवायला घेतलं तर हातातून ओढून घेतलं. "ऱ्हाऊ दे, माझं मी धुईन." बोलल्या हळूच, पण सुनेच्या हातातून सासू धुणं काढून घेते असं मी तरी कधी ऐकलं नाही.

माझ्या शिवण्यानं बाटेल म्हणून. दुसरं काय असणार?

मी भाकरी थापत होते, पदर मागं सरकला होता. मान वर केली तर आत्याबाई दारात उभ्या राहून माझ्या हाताकडं बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी पटकन पदर ओढला. त्या वळून गेल्या. हे परवा जालन्याहून येतील. त्यांना सांगतील का? की आधी मामंजींना?

मार्गशीर्ष शुद्ध ८, शनिवार

सांगितलं नाही. दुधावरची साय मी चोरून हाताला लावायला घेतली, घबराटीत काहीही करते आहे. दुपारी बघते तर वाटीत दुप्पट साय, फडताळाच्या खालच्या फळीवर, जिथं माझाच हात जातो. मला पकडायला ठेवली आहे. मी शिवले नाही.

मार्गशीर्ष वद्य २, सोमवार

हे आले आणि परत गेलेसुद्धा. घरात दोन दिवस होते, मी पदर मनगटापर्यंत ओढून वावरले, त्यांना कळलं नाही. मेथीची भाजी खारट झाली तेवढं मात्र कळलं.

आज मी पडले. निर्जळ होते. गोठ्याच्या दारात डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा दगडाबाई उशाशी आणि आत्याबाई चार हातांवर उभ्या. जवळ नाही आल्या.

दगडाबाईनं माझ्या हाताच्या मागची कातडी चिमटीत धरली, वर ओढली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली. हळूहळू खाली बसली.

"बगा, थोरल्या बाई," ती म्हणाली. "बैलाला पानी तुटलं की त्येचं कातडं असंच उभं ऱ्हातंय. आमी असंच चिमटून बगतो. ह्या पोरीच्या अंगात पानीच न्हाई."

"माझा उपास हाय," मी म्हणाले.

आत्याबाई तिथूनच बोलल्या, "लिंगाला रोज पानी घालतीस न्हवं? पाण्याबिगर पूजा हुते का? मग सवताला कावून न्हाई घालत?" मग दगडाबाईला म्हणाल्या, "तिला तांब्या दे. पेल्यानं न्हाई, तांब्यानं. अन् माझ्यादेखत पिऊ दे."

प्याले. वैजनाथाची माफी मागितली. तांब्या संपेपर्यंत आत्याबाई हलल्या नाहीत. दगडाबाईनं माझे हात बघितलेच होते, लपवण्यात अर्थ नव्हता. ती नुसती म्हणाली, "साबून फेका त्यो. त्यानं म्हस बी सोलून निघंल."

मार्गशीर्ष वद्य ५, गुरुवार

काय करते आहे ते क्रमानं लिहिते. मेले तर निदान कळेल कशानं मेले.

सकाळी पूजेनंतर एक तांब्या पाणी. दुपारपर्यंत दुसरा, संध्याकाळपर्यंत तिसरा. (बाहेर जायची अडचण आत्याबाईंनीच सोडवली. गोठ्यामागं कडब्याचा आडोसा उभा करवला. कुणासाठी ते सांगितलं नाही. माझा वावर घरापासून लांब ठेवायला असावा.) अंघोळ कढत नाही, कोमट, आणि पटकन. साबण बंद. हरभऱ्याचं पीठ सायीत कालवून तेवढंच लावते, घासत नाही. अंग खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं. मग ओलसर असतानाच करडईचं तेल. हे माझं मलाच कळलं: वाळल्यावर लावलं की वरच राहतं, ओल्यावर लावलं की आत धरून ठेवतं. टाचांना लोणी आणि मेण वितळवून. चुलीपुढं बसताना हातावर पदर. निजायच्या आधी परत तेल.

आणि रोज चिमटा. आज कातडी खाली बसेपर्यंत मी चार अंक मोजले.

मार्गशीर्ष अमावस्या, शनिवार. येळवस.

आज काय घडलं ते कसं लिहू कळत नाही.

येळवशीला शेतात पूजा करून तिथंच जेवायचं असतं, म्हणून पहाटेपासून चूल पेटली होती. भज्जी शिजत होती, उंडे वळून झाले होते. मी पाठमोरी आंबील घुसळत होते. आत्याबाईंनी उलथनं जाळातून काढलं आणि माझ्या हातावर टेकवलं. नेमकं चट्ट्यावर.

मी किंचाळले. आंबील सांडली.

"भाजलं?" त्यांनी विचारलं.

"आत्याबाई!"

"सांग की. भाजलं का? नीट भाजलं?"

"भाजलं," मी रडत म्हणाले. "लई भाजलं."

आणि त्या खाली बसल्या. भिंतीला टेकून बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होत्या. सून भाजली म्हणून हसणारी बाई मी आज पहिल्यांदा पाहिली. नंतर स्वतः कोरफड कापली, पण लावली नाही, माझ्यापुढं सरकवली.

शेतात पांडवांची पूजा झाली, सगळे कडब्याच्या कोपीखाली जेवले. आत्याबाई एरवी आग्रह करून वाढतात. आज वाढायला उठल्याच नाहीत, वेगळ्या बसल्या, पत्रावळ घेऊन. अधूनमधून माझ्याकडं बघत होत्या, प्रेमानं बघावं तशा. मला त्यांची जास्तच भीती वाटली. वेड लागायची सुरुवात अशी होते का? आप्पांना पत्र लिहावं असं मनात आलं, पण काय लिहिणार?

पौष शुद्ध ४, बुधवार

चट्टे गेले. उजव्या हातावर काही नाही. डाव्यावर भाजल्याचा डाग आहे, तो तेवढा राहील. नख ओढलं तर रेघ उठत नाही. चिमटा सोडला की कातडी लगेच बसते. सुई एकदाच टोचली, आणि जोरात दुखलं, आणि मी त्या दुखण्यावर खूश झाले.

महारोग नव्हताच. पाणी नव्हतं अंगात. जवळजवळ महिनाभर मी साबणानं स्वतःला सोलत होते आणि वर उपास करत होते. एवढी हुशार शिक्षकाची मुलगी.

संध्याकाळी आत्याबाई मामंजींना म्हणाल्या, "संक्रांत झाली की मी कपिलधारेला जाते. मठात ऱ्हाईन. आता सुनेनं घर संबाळावं." मामंजींना वाटलं महिनाभर. त्या म्हणाल्या, न्हाई, कायमचं.

खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

पौष शुद्ध ८, रविवार

आत्याबाई भाकरी भाजत होत्या, मी पीठ मळत होते. जळल्याचा वास आला. भाकरीचा नव्हे. बघितलं तर त्यांचं बोट तव्याच्या कडेला टेकलेलं, आणि त्या दुसऱ्या हातानं जाळ सारताहेत.

"आत्याबाई, बोट!"

त्यांनी दचकून हात उचलला. मग तो तोंडापुढं धरला, उलटा केला, सुलटा केला.

"कंचं?" त्यांनी विचारलं.

कोणतं बोट भाजलं ते त्या शोधत होत्या.

मी पीठ तसंच ठेवून उभी राहिले. पुढचं काही त्यांना सांगावं लागलं नाही. वेगळं ताट, वेगळा तांब्या, घोंगडं, धुणं. सगळं एका दमात माझ्या अंगावर आलं. त्या मला स्वतःपासून लांब ठेवत होत्या, आणि मी समजत होते माझ्यापासून लांब राहताहेत.

"दोन वर्सं झाली," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. "आदी करंगळी मेली. मंग तिच्याजवळची. कपिलधारेला एक वैदू हुता, त्यानं बगितलं अन् पैसं बी घेतलं न्हाई. तवा समजले. आले तर तुज्या हातावर चट्टा. म्हनलं, खाल्लं मी पोरीला. एका ताटात जेवत हुतो न्हवं आपन? उलथनं लावलं ते त्याच्यासाठी. तू वरडलीस तवा माजा जीव भांड्यात पडला. तुजं कातडं नुसतं वाळलं हुतं गं."

"मामंजींना?"

"कुनालाच ठाव न्हाई. अन् मठ कुठला आलाय? मठात हात दिसल्यावर घेतील व्हय? मी जाईन कुठं बी. हितं ऱ्हायले तर ओढ्यापल्याड घालतील, अन् तुज्या मामंजींला गावात मान वर करता याची न्हाई. तू नवऱ्याला सांगू नगं."

मी काय केलं? न्हाणीत गेले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले. टाकायचा राहिलेला तो साबण लावून धुतले, तीनदा. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही, तरी धूतच होते.

पौष शुद्ध ९, सोमवार

दिवसभर विचार केला. आत्याबाई गेल्या तर घर वाचेल, मी वाचेन. दगडाबाई म्हणते तो रोग शिवल्यानं लागतो. लागत असेल. दोन वर्षं एका ताटात जेवून मला लागला नाही, पण उद्या लागणार नाही असं कोण सांगणार? मला मूल व्हायचं आहे. मी एकोणीस वर्षांची आहे. मला फार भीती वाटते.

पण सायीची वाटी त्यांनी ठेवली होती. आडोसाही माझ्यासाठीच केला होता. आणि माझ्या चट्ट्यासाठी मी ओढ्यापलीकडचं खोपट स्वप्नात बघत होते ना? मग आता दुसऱ्या कुणाला तिथं पाठवताना मला झोप लागेल का?

तात्याबाला गावानं ओळखलं ते चट्ट्यावरून नाही, जखमेवरून. कळत नाही म्हणून काटा जातो, भाजतं, भेग पडते, ती चिघळते, आणि मग सगळ्यांना दिसतं. कातडी ओली, मऊ, सबंध राहिली आणि भाजूच दिलं नाही, तर किती दिवस कुणाला कळणार नाही? वर्ष? पाच वर्षं? मला माहीत नाही. वैदूनंही सांगितलं नाही. पण कोरड्या कातड्याचं काय करायचं ते या घरात माझ्याइतकं कुणाला कळत नाही.

पौष शुद्ध १०, मंगळवार

मामंजी दुकानात गेल्यावर दार लावलं. घंगाळात कोमट पाणी काढलं. किती कोमट ते माझ्या हातानं बघितलं, त्यांना बघू दिलं नाही.

"आत्याबाई, बसा. हात द्या."

"शिवू नगं मला."

"तुमी कुटं बी जायचं न्हाई. आजपासून चूल माझी. तवा, पातेलं, जाळ, कशालाच हात लावायचा न्हाई. लोकांनी इचारलं तर सांगू सासूबाईंनी आता आराम करायचा ठरवलाय. रोज सकाळी हात भिजवायचे, पाय भिजवायचे. मी बगीन कुटं काय लागलंय का."

"आन् तुला झालं म्हंजी?"

मी हात पुढं केला आणि तसाच ठेवला. त्यांनी आपला हात माझ्या हातात दिला. दोन बोटं आत वळायला लागली आहेत, मी हे कधी बघितलंच नव्हतं. तळवा खडबडीत, भेगाळलेला, जागोजाग भाजल्याचे जुने डाग.

पाण्यात भिजवला. टिपला. ओलसर होता तोवर करडईचं तेल लावलं, एकेका बोटाला, बोटांच्या मधे, भाजलेल्या जागेवर लोणी. आत्याबाई खिडकीकडं बघत होत्या आणि मामंजींना मेथी कशी लागते, मीठ कधी घालायचं, ते सांगत होत्या. मी हूं हूं करत होते. माझे हात थरथर कापत होते, भीतीनं, आणि थांबत नव्हते. पण त्यांच्या हाताला ते कळणार नव्हतं, म्हणून मी लपवलं नाही.